पीसीसीसाठी हलकी बफर ट्यूब: आधी खोली मोजा, मग वजन

कार्बाइन (आखूड रायफल) लांबीची साधी ॲल्युमिनियमची बफर ट्यूब, म्हणजे बंदुकीच्या मागच्या बाजूची पोकळ नळी, काट्यावर ठेवली, तर आकडा शंभर ते सव्वाशे ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी थांबतो. खाचा पाडून, खिडक्या कापून किंवा कार्बन फायबर वापरून हलकी केलेली ट्यूब साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत उतरते. वाचले ते चाळीस-पन्नास ग्रॅम. आता याच ट्यूबच्या आत काय चालतं ते बघा. पिस्तुलाचं काडतूस वापरणाऱ्या कार्बाइनमध्ये, म्हणजे पीसीसीमध्ये, तिथे दीडशेपासून पावणेतीनशे ग्रॅमपर्यंतचा बफर नावाचा दट्ट्या मागेपुढे धावत असतो आणि त्याला ढकलणारा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचं दार बंद करणारा सरकता ठोकळा, सहाशे ग्रॅमच्या आसपास असतो.

ट्यूब निवडताना लोक तिच्या वजनावर तासन् तास खल करतात आणि आत धावणाऱ्या वजनाकडे बघतच नाहीत. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ट्यूब ही बोल्टची धावपट्टी आहे. ती किती लांब, किती सरळ आणि शेवटाला किती भक्कम, यावर बंदूक नीट चालणार की नाही हे ठरतं. हलकेपणा त्यानंतर.

ही ट्यूब नेमकी करते काय, ते आधी पाहू. एआर-१५ या अमेरिकी रायफलच्या पद्धतीच्या बंदुकीत रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या मधल्या सांगाड्याच्या, मागे आट्यांनी बसवलेली ही पोकळ नळी असते. आत एक लांब स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या तोंडाशी बफर नावाचा वजनदार दट्ट्या. गोळी सुटली की बोल्ट मागे येतो, बफरला ढकलतो, स्प्रिंग दाबली जाते. मग स्प्रिंग दोघांना परत पुढे फेकते आणि जाताजाता बोल्ट मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, सरकवतो. खांद्याला टेकवायचा दस्ताही याच ट्यूबवर बसतो. म्हणजे एकाच नळीवर दोन कामं आहेत: आतून बोल्टला वाट द्यायची आणि बाहेरून दस्ता पेलायचा. हलकी ट्यूब घेताना होणाऱ्या बहुतेक चुका यातलं एक काम विसरल्यामुळेच होतात.

छोटं काडतूस, पण जड बोल्ट

नवख्या माणसाला इथे कोडं पडतं. रायफलचं .२२३ काडतूस कितीतरी ताकदवान. त्याचा कमाल दाब ५५,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पाउंड) धरला जातो, तर ९ मिलिमीटर ल्यूगरचा ३५,०००. मग ९ मिलिमीटरच्या कार्बाइनमधला बोल्ट रायफलच्या बोल्टपेक्षा जड कसा?

कारण कुलूप. रायफलचा बोल्ट फिरून बॅरलच्या मागच्या खाचांमध्ये अडकतो. दाब उतरेपर्यंत तो उघडूच शकत नाही. बहुतेक पीसीसींमध्ये असं कुलूप नसतं. त्या साध्या ब्लोबॅकवर चालतात. कोल्टने १९८० च्या दशकात एआर-१५ च्या सांगाड्यावर ९ मिलिमीटरची बंदूक काढली तीही याच तत्त्वावर. इथे चेंबरचं दार बंद ठेवतं ते फक्त बोल्टचं आणि बफरचं जडत्व. वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाला, मागे ढकलतो. पुंगळीच्या मागे जड बोल्ट उभा असतो, म्हणून ती सावकाश मागे सरते. बस, एवढंच.

हे सावकाश म्हणजे किती, याचं गणित कागदावर करता येतं. १२४ ग्रेनची गोळी म्हणजे ८ ग्रॅम. बोल्ट आणि बफर मिळून ७५० ग्रॅम धरू. गोळी १६ इंची बॅरलमधून सुमारे ३९० मिलिमीटर प्रवास करून बाहेर पडते, तेवढ्या वेळात बोल्ट त्याच प्रमाणात, म्हणजे ३९० ला ८ ने गुणून ७५० ने भागल्यावर येतो तेवढा, साधारण ४ मिलिमीटर मागे आलेला असतो. दारूच्या वायूचं वस्तुमान आणि घर्षण मी इथे सोडून दिलं आहे, पण अंदाजाला एवढं पुरे. दाब सर्वांत जास्त असतो तो गोळी जेमतेम सेंटिमीटरभर सरकलेली असताना. त्या क्षणी बोल्ट मिलिमीटरचा दहावा हिस्सा हललेला असतो. पुंगळीचा जाड बुडाकडचा भाग अजून चेंबरच्या भिंतींमध्ये सुरक्षित असतो.

आता यातला जड बफर काढून कुणी हलका घातला, वर बोल्टमधलं वजनही काढलं आणि एकूण ४०० ग्रॅमवर आलं, तर तेच ४ मिलिमीटर जवळपास ८ होतात. पुंगळीची पातळ भिंत चेंबरबाहेर आलेली आणि आत अजून दाब शिल्लक. अशा वेळी पुंगळी फुगते, कधी फाटते आणि गरम वायू व पितळेचे तुकडे मॅगझिनच्या खोबणीतून किंवा बाजूने बाहेर येतात. म्हणून एक गोष्ट ठाम सांगतो: ट्यूब कितीही हलकी करा, साध्या ब्लोबॅकमध्ये हलणाऱ्या भागांचं वजन बनवणाऱ्याने ठरवलेल्या किमान आकड्याच्या खाली आणू नका. ट्यूबचं वजन आणि बफरचं वजन ही दोन वेगळी खाती आहेत.

अपवाद आहेत. काही पीसीसींमध्ये रोलरने किंवा बोल्टच्या फिरण्याने उघडणं थोडं लांबवलेलं असतं. हेकलर अँड कॉखच्या एमपी५ मध्ये रोलरची युक्ती आहे, सीएमएमजीच्या काही कार्बाइनमध्ये बोल्ट थोडा फिरून मग सुटतो. अशा बंदुकीत बोल्ट हलका चालतो आणि बफरही. रुगरच्या पीसी कार्बाइनसारख्या काहींमध्ये तर दस्त्यात बफर ट्यूब नसतेच. वजन बोल्टमध्येच असतं. तेव्हा ट्यूब शोधायला लागण्याआधी आपली बंदूक कोणत्या पद्धतीने चालते हे पुस्तिकेत बघून घ्या. पुढे मी जे लिहितो आहे ते मुख्यतः साध्या ब्लोबॅकच्या, एआर पद्धतीच्या कार्बाइनला धरून.

एक वजाबाकी, जी पाठ असावी

बोल्ट किती मागे येऊ शकतो? ट्यूबच्या आतली खोली वजा बफरची लांबी. एवढं सोपं आहे, पण माझ्या पाहण्यात निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

कार्बाइन ट्यूबची आतली खोली साधारण ७ इंच, म्हणजे १७८ मिलिमीटर. रायफलच्या काडतुसासाठीचा कार्बाइन बफर सव्वातीन इंच, ८३ मिलिमीटर. उरले ९५. बाजारात एक मधल्या लांबीची ट्यूबही मिळते. तिची खोली पाऊण इंच जास्त, १९७ मिलिमीटर, आणि तिच्यासाठीचा बफर ४ इंची, १०२ मिलिमीटर. उरले पुन्हा ९५. लांब रायफल ट्यूब घ्या, तिच्या लांबलचक बफरसह वजाबाकी करा, उत्तर जवळपास तेच येतं. बोल्टला जेवढी धाव लागते तेवढी ठेवायची, हा त्यामागचा विचार.

पण ही धाव .२२३ साठी ठरवलेली आहे आणि ते काडतूस ५७ मिलिमीटर लांब असतं. ९ मिलिमीटरचं पूर्ण काडतूस जेमतेम ३० मिलिमीटरचं. त्याला एवढी धाव नको असते. जास्तीच्या धावेचा तोटा असा की मॅगझिन संपल्यावर बोल्टला मागे रोखून धरणारी जी छोटी पट्टी असते, बोल्ट कॅच, तिच्यापासून बोल्ट बराच मागे निघून जातो. परत येताना त्याला वेग घ्यायला मोकळी जागा मिळते आणि सहाशे ग्रॅमचा लोखंडी ठोकळा त्या पट्टीवर आदळतो. काही दिवस ती सहन करते. मग एक दिवस मॅगझिन संपतं, बोल्ट मागे थांबत नाही आणि उघडून बघावं तर पट्टीचा कान तुटून आत पडलेला.

यावरचा उपाय म्हणजे धाव कमी करणं. ९ मिलिमीटरसाठी मिळणारे लांब बफर साधारण ४ इंचांचे असतात. तो कार्बाइन ट्यूबमध्ये घातला की १७८ वजा १०२, धाव ७६ मिलिमीटरवर येते. आखूड बफरच ठेवायचा असेल तर ट्यूबच्या तळाशी पाऊण इंचाचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारा ठोकळा, टाकतात. अमेरिकेत लोक पूर्वापार पाव डॉलरच्या नाण्यांची चळत तळाशी टाकून हेच काम भागवत आले आहेत, कारण ते नाणं ट्यूबच्या आतल्या व्यासात बरोबर बसतं.

आता सापळा कुठे आहे ते दिसेल. काही हलक्या ट्यूब मधल्या लांबीत विकल्या जातात, कारण रायफलवाल्यांना ती लांबी आवडते. तुम्ही ९ मिलिमीटरचा ४ इंची बफर घेतला आणि तो अशा ट्यूबमध्ये घातला, तर १९७ वजा १०२. धाव परत ९५. लांब बफरसाठी मोजलेले पैसे पाण्यात गेले आणि बोल्ट कॅच पुन्हा धोक्यात आली. बंदूक पहिल्या दिवशी मात्र झकास चालते, म्हणून चूक लक्षातही येत नाही.

तेव्हा ट्यूब हातात आली की वर्णनावर विसंबू नका. व्हर्नियर कॅलिपरच्या मागून जी बारीक पट्टी बाहेर येते ती या खोलीला पुरत नाही, म्हणून एक सरळ लाकडी काडी तळाला टेकवा, तोंडाशी खूण करा आणि ती लांबी मोजा. बफर मोजा. वजा करा. स्प्रिंग पूर्ण दाबली गेल्यावर तिचे वेढे एकमेकांना टेकून बफरच्या आधीच धाव संपवत नाहीत ना, हेही पाहा. जास्त वेढ्यांची कडक स्प्रिंग आणि स्पेसर एकत्र आले की असं होऊ शकतं.

तळावरचा घाव

वापरलेल्या ट्यूबमध्ये टॉर्च मारून आत बघितलंय कधी? तळाशी बफरच्या मागच्या रबरी टोकाने उमटवलेला एक गोल, चकचकीत ठसा दिसतो. जिथे काळा थर घासून धातू उघडा पडतो, ती जागा प्रत्येक गोळीमागे एक घाव खाते.

तो घाव किती मोठा? ११५ ग्रेनची, म्हणजे साडेसात ग्रॅमची गोळी १६ इंची बॅरलमधून सेकंदाला सुमारे ३९५ मीटर वेगाने निघाली, तर तिचा संवेग २.९५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. तोच उलट दिशेने ७५० ग्रॅमच्या बोल्ट-बफरला मिळतो आणि ते सेकंदाला ३.९ मीटर वेगाने मागे निघतात. ऊर्जा पावणेसहा जूलच्या आसपास. त्यातली काही स्प्रिंग गिळते, काही हातोडा मागे ढकलण्यात जाते आणि उरलेली ट्यूबच्या तळावर आदळते. पीसीसी चालवणाऱ्याला खांद्यावर जो दुहेरी धक्का जाणवतो, त्यातला दुसरा हा. ९ मिलिमीटरची कार्बाइन इतकी का टोचते, असं विचारणाऱ्यांना उत्तर याच घावात आहे.

गोळी बदलली की हाही बदलतो. स्पर्धेत ‘पॉवर फॅक्टर’ नावाचा हिशेब असतो: ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार. युएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या सामन्यांत पीसीसीला किमान १२५ लागतो. १४७ ग्रेनची गोळी ८८० फूट वेगाने सोडली तर १२९ मिळतात आणि गाठ सुटते. या गोळीचा संवेग २.५५ येतो. बोल्टचा वेग ३.४ मीटरवर उतरतो आणि ऊर्जा चौथाईने कमी होते. म्हणजे तीच ट्यूब, तोच बफर, पण तळावरचा घाव बराच सौम्य. नुसत्या काडतुसाच्या निवडीने एवढा फरक पडतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक आधी ट्यूब बदलतात, मग बफर, मग स्प्रिंग आणि काडतूस सर्वांत शेवटी. क्रम उलटा लावला तर निम्मा खर्च वाचतो.

हलक्या ट्यूबच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट अशी: तळ पातळ केलेली ट्यूब पीसीसीसाठी घेऊ नये. तळाला एक छोटं भोक असतं, ते पाणी आणि हवा बाहेर पडायला, तेवढं ठीक. पण वजन वाचवायला तळच कोरून काढला असेल, कडेला फक्त तीन-चार काड्या ठेवल्या असतील, तर तो नमुना कुलूपवाल्या, हलक्या बफरच्या बंदुकीला शोभेल. इथे त्याच्यावर जड बफरचे घाव पडणार आहेत. खिडक्या हव्याच असतील तर बाजूला असाव्यात, तळाच्या आणि आट्यांच्या जवळ नसाव्यात.

वजन कुठून काढलंय

ट्यूबच्या आतला व्यास ठरलेला आहे, साधारण इंचभर. तो वाढवता येत नाही, नाहीतर बफर आत डुगडुगेल. म्हणून पदार्थ काढायचा तो बाहेरूनच. आणि बाहेरून काढला की दस्त्याचा प्रश्न येतो.

मिल-स्पेक, म्हणजे लष्करी मापाच्या, ट्यूबचा बाहेरचा व्यास १.१४८ इंच, म्हणजे २९.१६ मिलिमीटर. कमर्शियल म्हणतात तिचा १.१६८ इंच, २९.६७ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण मिल-स्पेकचा दस्ता कमर्शियल ट्यूबवर चढत नाही आणि उलट केलं तर खुळखुळतो. सरकता दस्ता वापरायचा असेल तर हलक्या ट्यूबलाही हा व्यास आणि खालची खाचांची पट्टी राखावीच लागते. म्हणून तिच्यात खाचा, खळगे, खिडक्या असतात, पण बाहेरचा घेर तसाच दिसतो. याउलट पूर्ण गोल, पट्टी नसलेली, पातळ ट्यूब दिसली तर समजावं की तिच्यावर कसून बसवायचा छोटा दस्ताच लागेल. स्पर्धेत लांबी एकदा ठरली की कुणी ती बदलत नाही, त्यामुळे तो पर्याय वाईट नाही. खरं तर वजन तिथेच जास्त वाचतं, कारण साधा सरकता दस्ता पाव किलोच्या आसपास असतो. ट्यूबमधले पन्नास ग्रॅम शोधण्याआधी दस्ता काट्यावर ठेवून बघा.

धातूंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जाहिरातीत सगळं एकसारखंच ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ असतं. दोन मिश्रधातू नेहमी भेटतात, ६०६१-टी६ आणि ७०७५-टी६. दोन्हींची घनता जवळपास सारखी, २.७ आणि २.८. ताठपणाही जवळपास सारखा, म्हणजे भार दिल्यावर दोन्ही तेवढ्याच लवचतील. फरक आहे तो कायमचं वाकेपर्यंत किती सहन करतात यात. ६०६१ सुमारे २७५ मेगापास्कलला हार मानतं, ७०७५ पाचशेपर्यंत टिकतं. जवळपास दुप्पट. साध्या, जाड भिंतीच्या ट्यूबला ६०६१ चालून जातं. भिंत पातळ केली की मात्र ७०७५ च हवं. पातळ भिंत आणि ६०६१ ही जोडी मी माझ्या बंदुकीवर लावणार नाही.

भिंत किती पातळ? साधी ट्यूब सुमारे १.९ मिलिमीटर जाडीची असते. ती १.४ केली तर वजन चौथाईने उतरतं आणि वाकण्याला होणारा विरोधही साधारण चौथाईने घटतो. बंदूक दस्त्यावर आपटली तर ट्यूब ही रिसीव्हरमधून बाहेर आलेल्या फांदीसारखी वागते. सगळा ताण मुळाशी, आट्यांपाशी एकवटतो. आणि पीसीसीमध्ये ट्यूब तुटायलाच हवी असं नाही, किंचित वाकली तरी पुरे. आतला बफर एका कडेला घासू लागतो, बोल्ट शेवटचे दोन मिलिमीटर पुढे जात नाही, आणि माणूस मॅगझिनला, काडतुसाला, स्प्रिंगला दोष देत राहतो.

कार्बन फायबरची घनता १.६ च्या आसपास, म्हणून मोह होतो. पण त्या ट्यूबला आटे कार्बनचे नसतात. पुढचं टोक ॲल्युमिनियमचं असतं आणि ते कार्बनला चिकटवलेलं असतं. ट्यूबची खरी ताकद त्या चिकटवलेल्या जोडात आहे. शिवाय स्प्रिंगचे वेढे आतून सतत घासतात, त्यामुळे आतल्या बाजूला धातूचं अस्तर आहे का ते विचारून घ्यावं. ओलाव्यात कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले तर ॲल्युमिनियम गंजू लागतं, म्हणून जोडाची जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवावी लागते. टायटॅनियमबद्दल एवढंच: त्याची घनता ४.४, ॲल्युमिनियमहून दीडपट जास्त. नाव भारदस्त असलं तरी तेवढ्याच जाडीत ते जडच पडणार.

आणि घरी ड्रिल घेऊन साध्या ट्यूबला भोकं पाडू नका. भोकाच्या कडेवर ताण एकवटतो, कठीण थर निघतो, आत राहिलेला बारीक कीस स्प्रिंगबरोबर सगळीकडे फिरतो. शिवाय मूळ आकडेच आठवा: पन्नास ग्रॅम.

हे पन्नास ग्रॅम हाताला कुठे जाणवतात

हलक्या ट्यूबने बंदूक एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर झपकन वळते, असं सांगितलं जातं. हिशेब करून बघू. बंदूक वळते ती साधारण खांद्याभोवती. एखाद्या वजनाचा वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. ट्यूबचा मध्य खांद्यापासून १५ सेंटिमीटरवर धरा आणि बॅरलचं टोक ७५ वर. अंतर पाचपट, म्हणून परिणाम पंचवीसपट. बॅरलच्या टोकाचे २ ग्रॅम काढले की ट्यूबमधल्या ५० ग्रॅमएवढा फायदा झाला. वळण्याची चपळाई हवी असेल तर पैसे पातळ बॅरलवर, हलक्या पुढच्या मुठीवर घालवा.

उलट, मागचं वजन काढलं की तोल पुढे सरकतो. २.७ किलोच्या कार्बाइनमध्ये तोलबिंदूच्या २५ सेंटिमीटर मागून ५० ग्रॅम काढले तर तोलबिंदू जवळपास अर्धा सेंटिमीटर पुढे जातो. बंदूक आधीच नाकाला जड असेल तर डावा हात लवकर थकेल. नाक हलकं असेल तर हाच अर्धा सेंटिमीटर उपकारक ठरेल. म्हणून मी हलकी ट्यूब कुणाला सुचवतो? ज्याचा पुढचा भाग आधीच हलका झाला आहे आणि ज्याला दिवसभर बंदूक खांद्यावर वागवायची आहे, त्याला. बाकीच्यांनी साधी ७०७५ ची ट्यूब घ्यावी आणि उरलेल्या पैशांची काडतुसं.

बसवताना

आधी मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि बोटाने खात्री. मग हात लावायचा. काही देशांत दस्ता आणि एकूण लांबी बदलली की बंदुकीचा कायदेशीर वर्गच बदलतो, तेव्हा ते आधी विचारून घ्या.

रिसीव्हरच्या मागच्या भोकाशी खालून एक छोटी पिन वर आलेली असते, तिच्याखाली बारीक स्प्रिंग. ही पिन बफरला पुढे निसटू देत नाही. ट्यूब फिरवत आत नेताना तिच्या तोंडाची खालची कड या पिनच्या खांद्यावर येऊन टेकली पाहिजे. एक फेरा कमी पडला तर पिन उडून चापाच्या यंत्रणेत पडते आणि सगळं अडकतं. एक फेरा जास्त झाला तर पिन दाबली जाते, मोकळी हलत नाही. बोटाने पिन दाबून सोडा. ती टुणकन वर आली पाहिजे आणि ट्यूबच्या कडेने तिला धरून ठेवलेलंही दिसलं पाहिजे. हलक्या ट्यूबची ही कड काही वेळा जास्तच तासलेली असते. तशी असेल तर ट्यूब परत करा.

दुसरी तपासणी जड बोल्टसाठी खास. बोल्ट पुढे बंद असताना बफरने पिनवर रेलता कामा नये, तो बोल्टच्या मागच्या तोंडावर रेललेला असावा. पिन आणि बफर यांच्यात केसभर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर बोल्ट बंद होताना बफरचा प्रत्येक फटका त्या बारक्या पिनवर बसतो आणि ती तुटते.

मागचा खाचांचा नट सुमारे ४० फूट-पाउंडने, म्हणजे ५४ न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क लावून कसतात. बनवणाऱ्याने हलक्या ट्यूबसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा, कारण पातळ आटे कमी सहन करतात. मग नटाशेजारच्या पट्टीचा थोडा धातू पंच मारून नटाच्या खाचेत ठोकतात, म्हणजे नट सैल होत नाही. आट्यांवर ग्रीसचा हलका हात द्या. कार्बन ट्यूब असेल तर पाना फक्त धातूच्या टोकावर, चिकटवलेल्या भागाला पीळ बसू द्यायचा नाही.

मग शूटिंग रेंजवर जा, पण पहिल्या दिवशी पाचपन्नास गोळ्यांच्या पुढे नको. घरी येऊन रिकाम्या पुंगळ्या उजेडात धरा: बुडाजवळ एका बाजूला फुगवटा दिसतो का, कड ओरबाडलेली आहे का. दिसलं तर हलणारं वजन कमी पडतं आहे, तिथेच थांबा आणि जाणत्या कारागिराला दाखवा. बोल्ट कॅचच्या कानावर नवा चपटा घाव आहे का ते बघा. शेवटी ट्यूबमध्ये टॉर्च मारा. तळावरचा ठसा मध्यभागी आणि गोल असेल तर बफर सरळ धावतो आहे. ठसा एका कडेला चंद्रकोरीसारखा पडला असेल, तर ट्यूब वाकडी आहे किंवा आटे तिरके बसले आहेत. नट सोडा, ट्यूब सपाट काचेवर हळूच गडगडवून बघा. खाली पट्टी असलेली ट्यूब गडगडणार नाही, तिला सरळ पट्टी लावून प्रकाशाची फट शोधा.